फुकट आणि सुरक्षित

सहज भेटीगाठींसाठी फुकट आणि सुरक्षित डेटिंग ॲप कोणते, असे तरुण विचारतात तेव्हा मी आधी ‘फुकट’ या शब्दापाशी अडखळतो. पैसे न घेणारे ॲप आपली माहिती घेते, ठावठिकाणाही. २०१४ साली टिंडरमधली एक त्रुटी उघड झाली होती: ॲप सांगे ते अंतर तीन ठिकाणांवरून मोजले, की माणसाची नेमकी जागा सापडे. त्रुटी बुजली, धडा उरला. म्हणून छायाचित्राची पडताळणी करणारे, ठिकाण लपवू देणारे ॲप निवडावे. पहिली भेट वर्दळीत, मित्राला सांगून घ्यावी. गोराईला जायचे तर खाडीवरची शेवटची होडी विचारून ठेवावी.

‘सुरक्षित’ हा शब्द मात्र ॲपपाशी संपत नाही. घरात एकांत नाही म्हणून उपनगरातली जोडपी या किनाऱ्यांकडे येतात. ऑगस्ट २०१५मध्ये गोराईच्या दक्षिणेला, मढ-अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले. माणसे सज्ञान, दारे बंद. कलम मात्र सार्वजनिक असभ्य वर्तनाचे. बंद दारामागच्या खोलीलाही चव्हाटा मानले जाते, तिथे निर्धोक ॲप मिळेल. निर्धोक भेट मिळेलच असे मला वाटत नाही.