पास, नापास आणि... स्किप!

‘तू ऑफिसात नक्की करतेस काय गं?’

लग्नात, हळदीला, एकदा तर म्हशाच्या यात्रेत घोंगड्यांच्या ढिगासमोर उभी असतानाही मला हा प्रश्न विचारला गेलाय. ‘आयटीत आहे’ म्हटलं की गाडी सहसा पुढे सरकते. पण कुणी खोदून विचारलं की पंचाईत! कारण मी वेबसाइट बनवत नाही, ॲप बनवत नाही आणि मोबाइलही दुरुस्त करत नाही (हे मुरबाडमध्ये कुणाला पटतच नाही). मी तपासणाऱ्याला तपासते. म्हणजे काय, तेच आज सांगणार आहे. कारण या कामाने मला एक छोटासा शब्द दिला आणि तो ऑफिसपेक्षा घरीच जास्त कामाला आला.

तुमचा कम्प्युटर स्लो झाला की तुम्ही काय करता? चहा प्यायला जाता. आम्ही प्रोफाइलर लावतो. प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातोय, हे शोधून देणारं टूल म्हणजे प्रोफाइलर. लिनक्समध्ये त्याचं नाव ‘पर्फ’. २००९ पासून ते लिनक्सच्या कर्नलसोबतच येतं. प्रोग्राम पळत असताना ते सेकंदाला हजारो वेळा डोकावून विचारतं, ‘आत्ता कुठे आहेस?’ याला म्हणतात सॅम्पलिंग.

कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसले की माझी आईही हेच करते. दर दहा मिनिटांनी फोन! ‘कुठे पोचलीस?’ ‘म्हारळ.’ ‘आता?’ ‘गोवेली.’ ‘आता?’ ‘अजून गोवेलीच.’ दोन-तीनदा गोवेली ऐकलं की ती ओळखते, तिथे ट्रॅफिक आहे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर. पण दोन फोनांच्या मधे गाडी कुठे वळली, कुठे थांबली, हे तिला कळत नाही.

ते कळायला हवं असेल तर हार्डवेअर ट्रेस. इथे बाहेरून कुणी डोकावत नाही, प्रोसेसर स्वतःच डायरी लिहितो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये या सोयीला ‘प्रोसेसर ट्रेस’ ऊर्फ पीटी म्हणतात, आर्मच्या जगात ‘कोअरसाइट’. लिनक्समध्ये इंटेल पीटीचा सपोर्ट २०१५ मध्ये आला. डायरी लिहिणारा मात्र महाकंजूष! ‘असं असेल तर इकडे, नाही तर तिकडे’ अशा प्रत्येक फाट्यावर तो फक्त एक बिट खर्च करतो. वळलो किंवा नाही वळलो, बस्स.

मुरबाडहून शहापूरला मामाकडे जाताना सरळगाव लागतं. सरळ गेलात तर माळशेज, डावीकडे वळलात तर किन्हवली आणि पुढे शहापूर. मी नुसतं ‘सरळगावला वळले’ म्हटलं तरी नकाशा हातात असणाऱ्याला कळेल की स्वारी मामाकडे निघालीय. ट्रेसचंही तसंच. त्या बिटांच्या सोबतीला प्रोग्रामचा कोड, म्हणजे नकाशा घेतला की सगळा प्रवास उलगडतो. पण एवढी कंजुषी करूनही एका कोअरमागे सेकंदाला शेकडो एमबी डायरी भरते! आणि ती वाचायला, लिहायला लागला त्याच्या शंभर, कधी हजार पट वेळ लागतो.

आता ही डायरी नीट लिहिली जातेय की नाही, हे कोण बघणार? इथे माझी एन्ट्री. माझ्या हातात असतात शेल स्क्रिप्ट. नावाला घाबरू नका. एकेक करून टाइप करायच्या कमांड एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या, म्हणजे झाली शेल स्क्रिप्ट. वाणसामानाच्या यादीइतकी साधी गोष्ट.

या स्क्रिप्टचं सगळ्यात पहिलं काम म्हणजे एक प्रश्न विचारणं. या मशीनमध्ये ट्रेसची सोय आहे का? पर्फकडून यादी मागवायची आणि त्यात हवं ते नाव शोधायचं. सापडलं तर पुढे. कोअरसाइटच्या टेस्टमध्ये ‘टच’ नावाची एक चिमुकली कमांड चालवतात. ती बिचारी फक्त एक रिकामी फाइल बनवते. तेवढं करताना तिचा ट्रेस घ्यायचा, तो उलगडायचा आणि त्यात तिची पावलं उमटलीत का, ते बघायचं. उमटली असतील तर टेस्ट पास.

आणि यादीत नावच नसेल तर? तर स्क्रिप्ट २ हा आकडा परत करून गुपचूप बाहेर पडते. पर्फच्या या टेस्टमध्ये ० म्हणजे पास (हो, इथे शून्य मिळालं की पेढे!), २ म्हणजे स्किप आणि बाकी काही आलं तर नापास.

हाच तो शब्द. स्किप. ‘मी तपासलेलं नाही, कारण इथे तपासायला काही नव्हतं.’ नापास म्हणावं तर टूलवर अन्याय. पास म्हणावं तर चक्क थाप! म्हणून हे तिसरं उत्तर.

ऑफिसात मात्र या तिसऱ्या उत्तराला कुणी विचारत नाही. आमच्या टेस्ट चालतात क्लाउडवरच्या भाड्याच्या मशीनवर. तिथे आपल्याला मिळतं ते व्हर्च्युअल मशीन आणि त्यातून ही ट्रेसची सोय बऱ्याचदा दिसतच नाही. मग सकाळी रिपोर्ट येतो, ‘फेल: शून्य’. चौकोन हिरवागार. मीटिंगमध्ये त्याचं होतं ‘ऑल पास’. अरे, पण अर्ध्या टेस्ट चालल्याच नाहीत त्याचं काय?

त्यातही एक गोम आहे. स्किपसुद्धा फसवू शकतो. यादीत नाव नाही, ते खरंच हार्डवेअर नाही म्हणून? की कर्नल बनवताना कुणी तो ड्रायव्हरच वगळला म्हणून? की पर्फलाच यादी देता आली नाही म्हणून? साध्या स्क्रिप्टला यातला फरक कळत नाही. ती भाबडेपणाने २ देते आणि निघून जाते. म्हणून स्किप दिसला की त्याचं कारण विचारायचंच, ही सवय मला लागली.

ती सवय कामाला आली भातकापणीच्या दिवसांत. बाबांना बांधावरून चालताना धाप लागायला लागली. जवळच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि संध्याकाळी शहापूरहून मामाचा फोन. ‘अगं बाय, दाजी एकदम फिट! सगळे रिपोर्ट नॉर्मल!’

छान. पण मी मामाला म्हटलं, कागदाचा फोटो पाठवायला सांग. फोटो आला. बीपी, शुगर, ईसीजी, तिघांच्या पुढे ‘नॉर्मल’. चौथी ओळ टू-डी इको. तिच्यापुढे एक आडवी रेघ.

मग चौकशी केली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘हे मशीन इथे नाही, कल्याणला करून घ्या.’ बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, ‘तीन नॉर्मल आलेत, एक राहिलंय.’ आईने मामाला सांगितलं, ‘रिपोर्ट नॉर्मल आलेत.’ मामाने मला सांगितलं, ‘एकदम फिट!’ कुणीही खोटं बोललं नव्हतं. दर फोनला ती रेघ थोडी थोडी पुसत गेली, एवढंच. आमच्या मीटिंगमध्ये होतं तसंच!

मी बाबांना फोन लावला. ‘बाबा, इको स्किप झालाय.’

‘म्हणजे पास ना?’

‘नाही. पासही नाही, नापासही नाही.’

बाबा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, ‘म्हणजे गैरहजर. असं सांग ना! गैरहजर पोराला शून्य देत नाहीत आणि वरच्या वर्गातही ढकलत नाहीत. त्याची परीक्षा परत घेतात.’

जी गोष्ट मी टीमला प्रेझेंटेशन करूनही पटवू शकले नव्हते, ती मास्तरांना एका वाक्यात समजली होती. त्या शनिवारी ते स्वतःहून कल्याणला जायला तयार झाले. इकोमध्ये हृदयाची एक झडप थोडी अरुंद झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. ऑपरेशनची घाई नाही, दरवर्षी इको मात्र करायचा. भाताचे भारे उचलणं बंद. बाबांना फक्त हे शेवटचं झोंबलं!

तेव्हापासून मला सगळीकडे ती आडवी रेघ दिसायला लागलीय. पावसाळ्यात पेपरात मुंबईच्या सात तलावांच्या पाण्याचं कोष्टक येतं ना? त्यातले तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यातले. तानसाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय. लोकलमध्ये शेजारी बसलेला माणूस ते आकडे वाचून ‘चला, यंदा टेन्शन नाही’ म्हणतो आणि सुखाने पेपर घडी करून ठेवतो. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. पाड्यावरच्या विहिरीत किती हात पाणी उरलंय, याचा रकाना त्या कोष्टकात नाहीच. स्किप परवडला म्हणायचं. त्यासाठी निदान कुणीतरी टेस्ट लिहिलेली असते!

ऑफिसात मी मग हट्टच धरला. रिपोर्टमध्ये तिसरा रकाना हवा आणि प्रत्येक स्किपपुढे त्याचं कारण हवं. ‘आली स्किपवाली’ म्हणून थोडी चेष्टा झाली, पण रकाना आला. मग ट्रेसची सोय असलेलं एक खरंखुरं मशीनही आलं, ते आता माझ्याच टेबलाखाली घुरघुरत असतं. पहिल्याच रात्री काय झालं असेल? महिनोन्महिने ‘स्किप’ म्हणत बसलेली एक टेस्ट तिथे धाडकन फेल झाली! मॅनेजरचा चेहरा उतरला. मला मात्र हायसं वाटलं. नापास झालेल्याला शिकवता तरी येतं.

आपल्या पिढीला डॅशबोर्ड भारी आवडतात. पावलं किती चाललो, झोप किती झाली, क्रेडिट स्कोअर किती, सगळं एका नजरेत हवं. हिरवं दिसलं की पुढचा टॅब. वीकएण्डला घरी फोन केला की तिथेही तेच. ‘सगळं ठीक?’ ‘हो गं, ठीक.’ फोन बंद. त्या ‘ठीक’मध्ये काय काय बघून झालंय आणि काय राहून गेलंय, हे विचारायला आणखी दोन मिनिटं लागतात.

या रविवारी ती दोन मिनिटं काढा. आईबाबांना मागच्या तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवायला सांगा. त्यांना फोटो पाठवता येत नसेल तर शेजारच्या पोराला हाताशी धरा. ‘नॉर्मल’ लिहिलेल्या ओळी वाचाच. पण त्याआधी कागदावर कुठे आडवी रेघ आहे का, ते बघा.