काळा रंग आणि झळाळी

काळ्यावर डाग दिसत नाही, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. प्रवासाला निघताना गडद कपडे घालावेत, मुलांचे दप्तर काळपट रंगाचे घ्यावे, यामागे हीच समजूत असते. ज्याच्या दारात काळी मोटार उभी आहे, त्याला मात्र ती फार दिवस बाळगता येत नाही. पांढऱ्या गाडीवर आठवड्याची धूळ बसली तरी ती निमूटपणे सोसते. काळी गाडी सकाळी धुवावी, तर दुपारी तिच्यावर मांजराच्या पावलांचे ठसेसुद्धा मोजून घ्यावेत!

असे का होते, याचे उत्तर प्रकाशात आहे. पांढरा रंग आपल्यावर पडलेला प्रकाश चहूबाजूंना परत पाठवतो. त्या गर्दीत एखाद्या ओरखड्यातून फुटलेला किरण हरवून जातो. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतो. मग डोळ्यांना उरतो तो केवळ पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे परतणारा, समोरून पाहता शंभरातला चार-पाच भाग प्रकाश. पृष्ठभाग सपाट असेल तर आपल्याला त्यात आभाळ दिसते. त्यावर बारीक चरे असतील तर त्या अंधारात प्रत्येक चरा पांढरा होऊन उभा राहतो. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वस्तुतः ती वर्तुळे नसतातच. चरे वाटेल त्या दिशांनी गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. आपण दोन पावले सरकलो की वर्तुळही सरकते.

आमच्या घरी काळी गाडी आली ती 2004 साली. वडील शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि वसईच्या आमच्या अंगणात त्यांनी आयुष्यातली पहिली मोटार आणून उभी केली. नातलगांना रंग रुचला नाही. "घरात लग्नाची मुले आहेत आणि काळी गाडी कशाला?" असे आत्याने विचारले. वडील हसून म्हणाले, "फळा काळाच असतो. तीस वर्षे माझे त्याच्यावरच भागले ना?" एक नियम मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून घालून दिला. कोरड्या फडक्याने गाडी कुणी पुसायची नाही. आम्हां भावंडांपैकी कुणी फडके उचलले की ओसरीवरून आवाज येई, "अरे, हा फळा नव्हे!"

2021 साली वडील गेले. गाडी दोन पावसाळे आंब्याखाली उभी राहिली. आंब्याचा चीक, पाखरांची विष्ठा, समुद्रावरून येणारा खारा वारा आणि वरून ऊन, या साऱ्यांनी मिळून तिला पाटीसारखी राखाडी करून टाकली. 2024 साली नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. परदेशातल्या भावाने फोनवर सांगितले, "देऊन टाक. भंगारात तरी काही येईल." गॅरेजमधला रंगारी म्हणाला, "पूर्ण ड्युको मारू, नवी करून देतो." (ड्युको हे मुळात 1923 च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या, लवकर सुकणाऱ्या एका रंगाचे नाव, आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडी ते फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही रंगाचे नाव होऊन बसले.) आई काहीच बोलली नाही. ती काही बोलली नाही, म्हणूनच मी ठरवले की विकण्यापूर्वी वा रंगवण्यापूर्वी जुन्या रंगात काय उरले आहे ते एकदा पाहावे.

आरंभ पाण्यापासून होतो. सकाळी उन्हाआधी, पत्रा थंड असताना, दोन बादल्या घ्याव्यात; एकीत गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळूनच पुन्हा साबणात बुडवावे, म्हणजे निघालेली रेती परत रंगावर फिरत नाही. टपापासून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. सुकलेल्या विष्ठेवर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे, ती नखाने खरवडू नये. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ. असे पाणी गाडीवरच सुकले तर क्षारांची पांढरी कडी उरतात व ती हळूहळू रंगात रुततात. म्हणून मऊ मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यावे.

धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवली, तेव्हा तो खरकागदासारखा लागला. न धुतले जाणारे लोखंडाचे व रंगाचे कण आत रुतून बसलेले असतात. त्यांच्यासाठी मळलेल्या कणकेसारखी एक वडी मिळते. तिला क्ले बार म्हणतात. साबणाच्या पाण्यावरून ती अलगद सरकवली की कण तिला चिकटून येतात. जमिनीवर पडली तर मात्र ती टाकून द्यावी. तिला लागलेला एक खडा सारे श्रम वाया घालवतो.

आता पॉलिश. पॉलिशने चमक चढते, असे आपण म्हणतो; खरे पाहता पॉलिशने काहीच चढत नाही. त्यात अतिशय बारीक अपघर्षक कण असतात आणि ते चऱ्यांच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात. गाडीच्या पत्र्यावर अस्तर, रंग आणि पारदर्शक लेप असे थर असतात. सारे मिळून साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. वरचा पारदर्शक लेप 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाहून पातळ. चमक जी काही आहे ती एवढ्याच ठेव्यात आहे आणि प्रत्येक पॉलिश त्यातून थोडे काढून घेते. म्हणून सर्वांत सौम्य पॉलिश आधी, तेही वीतभर जागेवर करून पाहावे. फडके काळे झाले तर वर पारदर्शक लेप नाही, रंगच निघतो आहे असे समजावे. आमचे फडके पांढरेच राहिले. कडांवर लेप विरळ असतो, तिथे हात हलका ठेवावा. टपावर एके ठिकाणी लेपाचे पापुद्रे सुटले होते. तिथे कुठलेच पॉलिश चालत नाही. तेवढे काम रंगाऱ्याचे.

तीन सकाळी गेल्या. बोनेटमध्ये आंब्याची फांदी दिसू लागली तेव्हा आई बाहेर येऊन उभी राहिली.

चालकाच्या दरवाजापाशी मात्र मी थांबलो. किल्लीच्या भोकाभोवती दहा-बारा ओरखडे आहेत. शेवटची दोन वर्षे वडिलांचे हात कापत. गाडी चालवणे सुटले होते, तरी संध्याकाळी ते किल्ली घेऊन जात, भोक चाचपडत, दार उघडून थोडा वेळ आत बसून राहत. या कामातला एक साधा नियम आहे, नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढू जाऊ नये. तो नाहीसा करायचा तर भोवतालचा सारा लेप त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. मी नख फिरवले, ते अडकले.

"हे जाणार नाहीत का?" आईने विचारले.

"नाही जाणार."

"बरे," ती म्हणाली आणि आत गेली.

शेवटी मेण लावले. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नाउबा नावाचा ताड होतो. कोरड्या ऋतूत पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा लेप धरतो. पाने वाळवून, झोडपून ते काढतात. मधमाश्यांचे मेण साठ-पासष्ट अंशांवर वितळते, हे ऐंशीच्याही वर. म्हणूनच तापलेल्या पत्र्यावर ते टिकते. अर्थात आपल्या उन्हापावसात दोन-तीन महिने. मग पुन्हा लावावे.

गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली. आणखी 5 वर्षे ती आमच्या अंगणात राहील. आंब्याखालून मात्र ती हलवून पडवीच्या सावलीत घेतली आहे. पॉलिशची बाटली मी कपाटात मागे ठेवून दिली, कारण जे पुन्हा पुन्हा झिजवून उजळावे लागते ते एक दिवस संपते. दोन बादल्या आणि मऊ फडके तेवढे हाताशी असते. परवा माझा मुलगा घाईत कोरडे फडके घेऊन गाडीकडे निघाला, तेव्हा ओसरीवरून आईचा आवाज आला, "अरे, हा फळा नव्हे!"