भाच्याच्या बाइकचे स्पीकर

"मामू, तीनशे वॉटचे मिळतायत, घेऊ?" चिपळूणहून भाच्याचा फोन आला. औषध कंपनीच्या कामासाठी तो रोज गुहागरपर्यंत बाइकवर जातो. क्रॅशगार्डला लावलेले जुने स्पीकर जुलैच्या पावसात भिजून फाटल्यासारखे वाजू लागले होते.

शाळेच्या कार्यक्रमांचा माइक वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात, त्यामुळे स्पीकर निवडणं थोडंफार येतं. त्याला म्हटलं, खोक्यावरचे तीनशे विसर, आरएमएस किती ते बघ. होते चाळीस! मोठा आकडा क्षणभराच्या धक्क्याचा असतो, सतत वाजण्याचा नाही. शिवाय बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर वॉट ओढायचे म्हणजे आठ अँपिअरहून जास्त करंट. बाइकला हेडलाइटही पेटवायचा असतो.

त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघावी. एक ८९ डेसिबलचा आणि दुसरा ९२ चा असेल, तर दुसरा तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो. अँप्लिफायर चार ओहमचा असेल तर दोन ओहमचा स्पीकर जोडू नये, तापतो. आणि कोकणात कागदी कोन नकोच, पॉलीप्रॉपिलीनचा घ्यावा.

आपाची काळजी वेगळी होती. "आधीच दाढी ठेवलीय त्यानं. त्यात बाइकवर गाणी वाजवत फिरला तर लोक काय म्हणतील?" मला आधी राग आला. वर्गातल्या दुसऱ्या मुलांच्या आयांना ही काळजी असते का? पण उत्तर सुचलं नाही. मिलादच्या जुलूसमध्ये आपल्याच पोरांनी डीजेच्या भिंती लावल्या, खिडक्यांची तावदानं थरथरली, तेव्हा गप्प बसलेले आपणही होतोच. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मिरवणूक कुणाची हे विचारत नाही, निदान कागदावर तरी.

रविवारी दुकानात गेलो. दुकानदारानं धडधड बेसचं गाणं लावलं. मी म्हटलं, नात लावा. हेल्मेटमधला वारा खालच्या पट्टीत घुमतो, त्यात बेस बुडून जातो. शब्द कळतात ते वरच्या पट्टीमुळे. वर्गात मी मुलांकडून 'ज' आणि 'ज़' वेगळे म्हणवून घेतो, तीच परीक्षा इथे घेतली. साडेसहा इंची मोठ्या जोडीत दोन्ही एकच ऐकू आले. चार इंची कोअॅक्सिअलमध्ये नुक्ता स्वच्छ वाजला. भाच्याचं तोंड पडलं, पण घेतली तीच.

परतताना मी मागे बसलो होतो. आवाज छान होता, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही ऐकू येत होता. पोलिसांचा नाका दिसायच्या आधीच त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं आणि स्पीकर बंद केले. नाका मागे पडल्यावर बऱ्याच अंतरानं पुन्हा सुरू केले. मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.