सिंगापूरची बॅग साताऱ्यात उघडली

१७ एप्रिल २०१९ रोजी महावीर जन्मकल्याणकाची शोभायात्रा आटोपून सांगलीतील एक हळद व्यापारी कुटुंब घरी परतले, तेव्हा बैठकीत सिंगापूरच्या बॅगा भरून तयार होत्या. गुड फ्रायडेला जोडून आलेला शनिवार-रविवार तेथे काढायचा आणि मंगळवारच्या लोकसभेच्या मतदानाला परत यायचे, असा बेत होता. त्यांची तिकिटे ज्या विमान कंपनीची होती, तिची परदेशी उड्डाणे काही दिवसांपूर्वीच थांबली होती. दुसऱ्या विमानात सोय होईल, ही आशा एजंटने तेवढी जागी ठेवली होती. त्या रात्री कंपनीची देशातील सेवाही बंद पडली आणि आशा संपली. चार तिकिटांचे पैसे अडकले. बुडालेली उधारी व्यापारी पचवितो. दहा वर्षांच्या नातवाची समजूत काढणे मात्र अवघड गेले.

आजोबांचे तिकीट काढलेलेच नव्हते. ते सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, परक्या शहरात त्यांचे हाल होतील, असे सर्वांनी परस्पर ठरविले होते. सकाळी तेच म्हणाले, “साताऱ्याला चला. माझी शाळा दाखवितो.”

घरच्यांनी दुबई पाहिली होती, बँकॉक पाहिले होते. सातारा मात्र पुण्याला जाताना महामार्गावरून दिसे तेवढाच. आजोबा तेथे शिकले, हेही मुलाला धड ठाऊक नव्हते. मुलींची स्थळे पाहताना ‘बोर्डिंगात वाढलेला’ असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता. आपल्या समाजात पेढीची कहाणी बहुधा पहिल्या दुकानापासून सुरू होते. त्याआधीची उपासमार कोणी सांगत नाही.

शनिवारी पहाटे इस्लामपूर, कराड करीत गाडी साताऱ्यात पोहोचली. कासच्या फुलांचा हा हंगाम नव्हता, अजिंक्यतारा उन्हाने तापलेला. आजोबांनी गाडी धनिणीच्या बागेकडे घ्यायला सांगितली. याच बागेतील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजात जन्मलेले जैन घरचे. मोठी संस्था उभी करण्यापूर्वी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकत गावोगाव पायपीट केली. विक्रेत्याची जीभ आणि चिकाटी त्यांना तेथे लाभली असावी. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही गेले.

आजोबा १९५४ साली वाळवा तालुक्यातून तेथे आले. वय तेरा, अंगावर एकच सदरा. पांढऱ्या दाढीचे अण्णा त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नातवाने विचारले, “आजोबा, जेवण फुकट मिळायचं?”

“नाही रे. सकाळी शाळा, दुपारी मातीच्या पाट्या. केलेल्या कामाचं जेवण.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण पहिले काही महिने तापानं उठता येत नव्हतं. तेव्हाही ताट चुकलं नाही.”

मुलाने हे प्रथमच ऐकले. तो काही बोलला नाही; वडिलांची काठी धरून समाधीच्या पायऱ्या चढवू लागला.

सिंगापूरसाठी बांधलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू समाधीजवळच्या सावलीत सुटले. बाजारात कंदी पेढे घेतले आणि एक रात्र साताऱ्यात काढली. रविवारी परतताना कराडच्या प्रीतिसंगमावर थांबून दिवस मावळण्याआधी सर्वांनी जेवून घेतले. समोरून येणाऱ्या कृष्णा आणि कोयना तेथे एकमेकींना भिडतात. हेच पाणी आपल्या आयर्विन पुलाखालून जाते, हे नातवाला कितीतरी वेळ खरे वाटेना.

सोमवारी पेढी उघडल्यावर आजोबांनी रोजकीर्द मागवून रयतच्या नावे एक रक्कम खर्ची टाकायला सांगितली. सिंगापूरच्या तिकिटांचे पैसे तेव्हाही येणेच होते. पुढेही आले नाहीत.