काडीमाणसांचे सहा कोटी

कुणी मला हे आधी का नाही सांगितलं? २०१२ साली घडलेली गोष्ट, निम्म्या जगाला ठाऊक असलेली, आणि मला ती कळावी आत्ता! आता मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या शेजारणीलासुद्धा सोडलं नाही. तर ऐका. रिच बर्ल्यू नावाचा एक अमेरिकन चित्रकथाकार. त्याची चित्रकथा इंटरनेटवर पहिल्या पानापासून ताज्या पानापर्यंत फुकट वाचता येते. तिच्यातल्या एका भागाचं छापील पुस्तक संपलं होतं, ते पुन्हा छापायचं म्हणून त्याने वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. वाचकांनी महिन्याभरात १२,५४,१२० डॉलर दिले! तेव्हाच्या दराने सहा कोटी रुपयांच्या वर. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी! एकदा नव्हे, तीनदा हिशेब करून पाहिला मी.

चित्रकथेचं नाव 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'. २००३च्या सप्टेंबरात सुरू झाली, अजून चालू आहे, तेराशेच्या वर भाग झालेत. आणि चित्रं कशी? काडीमाणसं! गोल डोकं, डोळ्यांच्या जागी ठिपके, काड्यांचे हातपाय, नाकाचा पत्ता नाही. पहिलं पान बघून मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे तर आमच्या वेळची मुलं पाटीवर काढायची." तो म्हणाला, "मावशी, तू महाभारत पुन्हा पुन्हा वाचतेस ना? मग गप बस आणि हे वाच." गप बसले, वाचलं, आणि त्या आठवड्यात स्वयंपाकघरात काय शिजलं ते मला विचारू नका.

भाचा आणि त्याचे मित्र दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. १९७४पासूनचा खेळ आहे हा. त्याच्या नियमांची पुस्तकं दर काही वर्षांनी सुधारून येतात. २००३ साली अशी सुधारित आवृत्ती आली आणि बर्ल्यूने पहिल्याच पानावर काय केलं असेल? लढता लढता त्याच्या पात्रांचे नियमच बदलतात! एकाला वाटतं अंगात काहीतरी वाढलं, दुसऱ्याला वाटतं काहीतरी कमी झालं. पात्रांना आपण खेळातले आहोत हे ठाऊक आहे, आणि तरी ती जिवावर उदार होऊन लढताहेत. या एका कल्पनेवर मी तिथेच भाळले.

सुरुवातीला नुसते विनोद आहेत. खेळ ठाऊक नसेल तर निम्मे डोक्यावरून जातात, हे प्रामाणिकपणे सांगते. पण हळूहळू गोष्ट जमिनीत मुळं सोडते. रॉय नावाचा शहाणा, वैतागलेला नायक. एलन हा गोड, बिनडोक भाट. हेली ही चोर. बेल्कर हा वीतभर उंचीचा खुनशी प्राणी, जो इतका वाईट आहे की आवडायला लागतो. समोर झायकॉन हा हाडांचा सापळा झालेला मांत्रिक, आणि त्याच्या सोबतीला रेडक्लोक. या रेडक्लोकपाशी मी थांबले. तो गॉब्लिन जमातीचा पुजारी. त्याचं म्हणणं असं की देवांनी आमची जमात निर्माण केली ती केवळ इतरांनी आम्हाला मारून अनुभवाचे गुण मिळवावेत म्हणून. वाचा हे पुन्हा. खेळातला साधा नियम, राक्षस मारला की गुण मिळतात, आणि या माणसाने तो उलटा करून मरणाऱ्याच्या तोंडून आपल्यासमोर ठेवला. काडीचे हात, ठिपक्यांचे डोळे, आणि माझ्या घशात आवंढा!

ज्या पुस्तकासाठी पैसे मागितले ते 'वॉर अँड एक्सपीज'. त्यात एका शहराला पडलेला वेढा आहे, आणि त्या लढाईत चक्क नायक मरतो. (सांगायला नको होतं. पण तो मेल्यावरही गोष्टीतून जात नाही, परलोकात जाऊन तिथल्या कारभाऱ्यांशी वाद घालत बसतो, तेव्हा तुमचं फारसं नुकसान नाही.)

आता पैशांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मी मुद्रितं तपासून पोट भरते, प्रकाशकांच्या कचेऱ्यांत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे 'आवृत्ती संपली, पुन्हा काढणं परवडत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला चीडही येईनाशी झाली होती. चार रंगांतलं जाडजूड पुस्तक ऑफसेटवर छापायचं तर थोड्या प्रती काढून भागत नाही. प्लेटा, कागद, बांधणी, सगळ्याचा खर्च आधी. विक्री मात्र पुढची तीन-चार वर्षं टिपकत राहणार. नव्या पुस्तकाला निदान पहिली उडी असते. जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात पैसा गोदामात झोपतो. मोठ्या प्रकाशकाला हे झेपतं. बर्ल्यू स्वतःची पुस्तकं स्वतःच काढणारा. त्यातून ही मालिका! मधला एक खंड मिळेनासा झाला की नवा वाचक आधीचे खंड घेऊन पुढच्यांपाशी अडतो, म्हणजे एका पुस्तकाने अख्खी रांग अडवलेली.

तो किकस्टार्टरवर गेला, म्हणजे लोकांकडून प्रकल्पासाठी पैसे गोळा करून देणाऱ्या संकेतस्थळावर. ही मंडळी २००९पासून हा उद्योग करताहेत आणि त्यांची रीत मला फार आवडली. काय करायचं आहे, किती पैसे लागतील, मुदत कधीपर्यंत, हे आधी जाहीर करायचं. लोक रक्कम कबूल करतात, पण मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाच्याही खात्यातून छदाम कापला जात नाही. जमली तर किकस्टार्टरचा ५ टक्के हिस्सा, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा, बाकी सगळे कलाकाराचे. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखंच की, असं वाटेल. पण पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या आमच्या मंडळाच्या पोरांनी कधी म्हटलंय का, की काकू, मांडवाचे पैसे पुरे जमले नाहीत, हे घ्या तुमचे परत?

बरं, नुसती वर्गणी नाही. जितके पैसे, तितकं काहीतरी परत. थोडे दिलेत तर फ्रिजवर लावायचा लोहचुंबक आणि फक्त देणाऱ्यांसाठी लिहिलेली गोष्ट, जास्त दिलेत तर पुस्तकं, आणखी दिलेत तर त्याने हाताने काढलेलं चित्र. आणि ठरलेली रक्कम ओलांडल्यावर मजा संपत नाही, सुरू होते! अमुक आकडा गाठलात तर मालिकेतलं आणखी एक संपलेलं पुस्तक छापतो, तमुक गाठलात तर त्याच्या पुढचं. लोक रात्री झोपण्याआधी आकडा बघत असणार, सकाळी उठून पुन्हा बघत असणार. मी तर इतक्या वर्षांनी, निकाल ठाऊक असताना, श्वास रोखून वाचत होते! २१ फेब्रुवारी २०१२ला मुदत संपली तेव्हा देणारे होते १४,९५२. भागाकार करा: माणशी साधारण ८४ डॉलर, चार हजारांच्या वर रुपये. कुणा एका धनिकाचा हा चेक नव्हे. पंधरा हजार माणसं, प्रत्येकाने खिशाला जाणवेल इतकी रक्कम काढलेली.

का दिले असतील? माझं उत्तर असं. आठ-नऊ वर्षं हा माणूस त्यांच्या घरी येत होता. एक पान, पुन्हा एक पान, दाराशी तिकीट न मागता. त्यांतले कित्येक कॉलेजात असताना वाचायला लागले असतील, आता नोकरीला लागले, हातात पैसे आले, आणि देण्यासाठी त्यांना आजवर जागाच नव्हती. त्याने पेटी पुढे ठेवायचा अवकाश! फुकट दिल्याने पुस्तकाचा खप बुडतो असं आमच्या कचेरीत छातीठोकपणे सांगतात. हे आकडे छापून त्या भिंतीवर चिकटवायची माझी इच्छा आहे.

आणखी एक रत्न सापडलं. किकस्टार्टरचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, २००४ साली, 'समथिंग पॉझिटिव्ह' या वेबकॉमिकच्या रँडी मिलहॉलंडकडे वाचक कुरकुरत होते की भाग वेळेवर येत नाहीत. तो नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारा. वैतागून म्हणाला, एवढं वाटतं तर माझा वर्षभराचा पगार तुम्ही द्या, मी नोकरी सोडतो! आणि दिला की हो त्यांनी! थोड्याच अवधीत पगाराएवढी रक्कम जमा, आणि हा गडी नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार. २०२२पासून पॉपायची रविवारची चित्रपट्टी तो काढतो. हो, तोच पालक खाणारा पॉपाय.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही समजू नका. 'मंथन' सिनेमा १९७६चा. गुजरातच्या ५ लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि तो उभा राहिला; पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, पडद्यावर आपली स्मिता पाटील. त्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव आगाऊ गिऱ्हाईक गोळा करून २३ खंड पुरे केले. तेव्हा क्रेडिट कार्ड नव्हतं, हिंमत होती.

सगळंच गोड झालं असंही नाही, आणि ते सांगितलं नाही तर भाचा मला सोडणार नाही. पैसे आल्यावर कामाचा डोंगर येतो. पुस्तकं छापा, हजारो खोकी बांधा, देशोदेशी पाठवा, प्रत्येकाला कबूल केलेलं चित्र काढा. त्यात २०१२मध्येच बर्ल्यूच्या हाताला गंभीर इजा झाली आणि चित्रकथाही काही काळ थांबली. देणाऱ्यांसाठीच्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षं येत राहिल्या. त्यांतली एक, 'हाऊ द पॅलॅडिन गॉट हिज स्कार', २०१८च्या छापील संग्रहात आली. उशीर झाला, पण आली! त्याच २०१२मध्ये 'होमस्टक' या दुसऱ्या वेबकॉमिकच्या चाहत्यांनी संगणकावरच्या खेळासाठी जवळपास २५ लाख डॉलर दिले. खेळाचा पहिला अंक हातात पडला तो २०१७मध्ये. माझ्या मते कलाकाराने मागावं ते आपल्या हातात आधीच असलेल्या कामासाठी. बर्ल्यूची पानं तयार होती, छापायचीच बाकी होती. संपूर्ण नवा खेळ बांधायला घेणं ही वेगळीच जोखीम, आणि ती चाहत्याने डोळे उघडे ठेवून उचलावी.

आता दरमहा थोडेथोडे देण्याचीही सोय आहे. २०१३मध्ये पेट्रिऑन निघालं, ते जॅक काँटे या संगीतकाराने एका सहकाऱ्याला घेऊन काढलं. महिन्याला एक-दोन डॉलर, चित्रकाराचं घरभाडं सुटतं. आपल्याला मात्र दोन अडचणी. भारतातल्या कलाकाराला किकस्टार्टरवर थेट स्वतःचा प्रकल्प मांडता येत नाही. आणि ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती रकमांचे नियम कडक झाल्यावर परदेशी वर्गण्या आपल्या कार्डांवरून सुरळीत जाईनाशा झाल्या. म्हणून काय झालं? आपल्याकडे यूपीआय आहे, पाच सेकंदांत पन्नास रुपये जातात. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं नोंदवायची सवय तर मराठी वाचकाला केव्हापासूनची!

तेव्हा माझं ऐका. आज रात्री 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'चं पहिलं पान उघडा, फुकट आहे. इंग्रजी अडलं, नियम अडले, तरी निदान शंभर भाग रेटा. त्याआधी मत द्यायचं नाही. आणि मोबाइलवर रोज ज्या मराठी पोराचं किंवा पोरीचं व्यंगचित्र बघून तुम्ही हसता आणि पुढे पाठवता, त्याच्या चित्राखाली कुठे पैसे द्यायची सोय दिसते का ते एकदा बघा. दिसली तर द्या. नसेल, तर त्याला लिहा की बाबा रे, पेटी ठेव.