हडसनकाठचे दप्तर

न्यूयॉर्कहून पोकिप्सीची गाडी धरावी आणि डाव्या हाताची खिडकी पकडावी, म्हणजे हडसन नदी फार वेळ तुमची सोबत सोडीत नाही. पोकिप्सीपासून हायड पार्क हे गाव काही मैलांवर. तिथे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे घर आहे, समाधी आहे आणि शेजारीच त्यांचे कागद ठेवलेली दगडी इमारत आहे. बहुतेक प्रवासी घर पाहतात, गुलाबांच्या बागेतील पांढऱ्या शिळेपुढे छायाचित्र काढून घेतात नि परततात. मराठीच्या मास्तराला मात्र कागदांचा मोह सुटत नाही!

रूझवेल्टांपूर्वीचे अध्यक्ष पद सोडताना आपले दप्तर घरी घेऊन जात. मग त्याचे काय होई ते वारसांच्या मर्जीवर. रूझवेल्ट पडले जात्याच साठवणारे. टपालाची तिकिटे काय, जहाजांच्या प्रतिकृती काय! त्यांनी या इमारतीचा कच्चा आराखडा स्वतः काढला, देणग्यांतून ती उभी केली आणि कागदांसकट सरकारच्या स्वाधीन केली. ३० जून १९४१ रोजी ती खुली झाली. अध्यक्षपदावर असतानाच ते तिथल्या आपल्या खोलीत बसून काम करीत. स्वतःच्या चरित्राची साधने स्वतःच रचून ठेवणाऱ्या माणसाविषयी थोडी शंका येते खरी. पण पुढच्या अध्यक्षांनी हाच पायंडा उचलला.

घरात शिरले की मात्र आपण अध्यक्षांच्या नव्हे, त्यांच्या मातोश्रींच्या राज्यात येतो. १९२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओने रूझवेल्टांचे पाय गेले. स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाके लावून केलेली त्यांची गाडी आणि दोराने हातांनी ओढायचा पाळणा पाहताना घसा दाटतो. एलिनॉरबाईंची निजायची लहानशी खोली नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या खोल्यांच्या मधे! न्यूयॉर्कमध्ये सासूबाईंनी जोडघरे बांधली, तीही आतून दारे काढून. आमच्या वाचक भगिनींना याचा अर्थ फोडून सांगायला नको. दोन मैलांवर व्हॅल-किल येथे बाईंनी आपले वेगळे बिऱ्हाड का थाटले, हे इथे उभे राहिल्यावर आपसूक कळते.

१९१८ मध्ये यजमान युरोपातून आजारी होऊन परतले. त्यांचे सामान लावताना बाईंच्या हाती एक पुडके लागले : आपल्याच माजी चिटणीस ल्यूसी मर्सर यांची प्रेमपत्रे. बाईंनी घटस्फोट देऊ केला. संसार मोडला नाही, पण पूर्वीचाही राहिला नाही. फ्रँकलिननी लग्नापूर्वी लिहिलेली पत्रे बाईंनी पुढे जाळून टाकली. बाईंची पत्रे मात्र जपली गेली आहेत. कोट्यवधी कागदांच्या या घरात त्या प्रेमाची एकच बाजू आपल्याला ऐकू येते.

बाई त्या घरात कोंडून राहिल्या नाहीत. १९३५ पासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांनी वर्तमानपत्री सदर चालविले. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने घडविला. त्यात ‘पुरुष’ हा अर्थही ज्यातून निघतो तो शब्द काढून ‘मनुष्यमात्र’ असा शब्द घालावा, म्हणून आपल्या हंसाबेन मेहतांनी धरलेला आग्रह प्रसिद्ध आहे. त्या मानाने यजमानांचा हिंदुस्थानशी पत्रव्यवहार अपुरा राहिला. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी सेवाग्रामहून त्यांना पत्र लिहिले. १ ऑगस्टला उत्तर निघाले. आणि ९ तारखेला तर गांधीजी कैदेत!

१२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्ज येथे वारले. तिथे त्या दिवसांत ल्यूसीबाई होत्या, हे एलिनॉरबाईंना त्याच रात्री समजले. पुढे हायड पार्कच्या सामानात नवऱ्याचे एक लहानसे जलरंगातले चित्र त्यांना मिळाले. ते ल्यूसीला पोचवावे, असे त्यांनी मार्गारेट सकली या आप्तबाईंना सांगितले. ते पोचले, ल्यूसीबाईंनी आभाराचे पत्रही धाडले.

या सकलीबाई पुष्कळ वर्षे याच दप्तरखान्यात नोकरीला होत्या. अध्यक्षांचे कागद लावून ठेवणे हे त्यांचे काम. १९९१ मध्ये, शंभरीला टेकून, त्या वारल्या. तेव्हा त्यांच्या पलंगाखाली एक जुनी बॅग निघाली, आणि तिच्यात रूझवेल्टांनी त्यांना लिहिलेली पत्रे होती.