कोपराच्या जरा वर

आमच्या ऑफिसातले टेलिफोन ऑपरेटर काका ताडदेवच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत शिकलेले. सगळ्या खात्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ. मी तेव्हा नवाकोरा कनिष्ठ अभियंता. घरी जायची लोकल एकच, म्हणून स्टेशनपर्यंत आमची सोबत जमली.

"साहेब, धरायचं मी. तुम्ही फक्त चालायचं," असं म्हणून ते माझ्या कोपराच्या जरा वर हलकेच धरत आणि अर्धं पाऊल मागे राहत. मी वळलो, थांबलो, पायरी चढलो की त्यांना ते दंडातूनच कळे. वाट अरुंद झाली की मी हात पाठीमागे न्यायचा, ते बरोबर माझ्या मागे येत. जिन्यापाशी 'वर' की 'खाली' एवढंच सांगायचं. खुर्ची द्यायची तर खांदे दाबून बसवायचं नाही. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा आणि गप्प राहायचं. मदत करणारी माणसं फार बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती.

फलाटावर दिव्यांगांच्या डब्याच्या जागी बीप वाजतो, तो मी त्यांच्यामुळे ऐकायला लागलो. पिवळ्या लाद्यांवरच्या लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे सावध, हेही त्यांनीच माझे बूट काढायला लावून तळव्यांना शिकवलं. या लाद्या जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामातल्या अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या, हे मी कुठेसं वाचून त्यांना सांगितलं. त्यावर काका म्हणाले, "तिकडेही त्यांच्यावर मोटारसायकली लावतात का हो?"

पण खरं देणं आहे ते भिंतींचं. पांढरी काठी जमीन चाचपते. छातीच्या उंचीवर भिंतीतून बाहेर आलेली पेटी तिला सापडत नाही. काठी खालून निघून जाते आणि पेटी माणसाला लागते. जिन्याखालची मोकळी जागाही तशीच, तिथे कपाळ आपटतं. काकांच्या कपाळावर याच्या दोन खुणा होत्या. अशा पेट्या भिंतीत आत बसवायच्या किंवा त्यांच्याखाली काठीला लागेल असा कठडा करायचा, जिन्याखालची जागा बंद करायची. खर्च फारसा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक झालं, तेव्हा खात्यात जाणकार म्हणून माझं नाव झालं. माझ्या टिपणांतली निम्मी वाक्यं काकांची होती. तसं मी वरिष्ठांना सांगितलंही, पण ऑपरेटरचं नाव फाइलवर कसं घालायचं, हे कुणाला उमगेना.

निवृत्तीनंतर एकदा त्यांना आमची नवी इमारत दाखवायला नेलं. माझा दंड न धरता, एकट्याने काठी टेकत ते पहिल्या मजल्यावर फिरले. व्हरांड्यात काठी ठणकन वाजली. पिवळ्या पट्टीवर कुणीतरी पाण्याचा कूलर आणून ठेवला होता.

"नकाशात आहे का हा?" त्यांनी विचारलं.

नव्हता. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि कूलर हलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.